रिलीफ की ॲक्शन? जाड तारा लावल्यावर होणारी गल्लत

इलेक्ट्रिक गिटारवरचा नाईनचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची) काढून इलेव्हनचा (०.०११ इंचाची) लावला की फरक लगेच हाताला कळतो. तारा फ्रेटबोर्डपासून वर गेलेल्या असतात, दाबायला जोर लागतो, आणि कालपर्यंत सहज जाणारा बेंड (तार ओढून सूर चढवणं) निम्म्यावर अडतो. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, नेकमधला, म्हणजे गिटारच्या दांड्यातला, ट्रस रॉड आवळ, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली येईल. दुसरा म्हणतो, रॉडच्या वाटेला जाऊ नकोस, ब्रिजवरचे, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथले, सॅडल खाली घे. दोन्ही उपायांनी तारा खाली येतात, त्यामुळे दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. गल्लत इथूनच सुरू होते.

ट्रस रॉड हे ॲक्शन कमी-जास्त करायचं साधन नाही. रॉडने रिलीफ बदलतो, सॅडलने ॲक्शन बदलते. बोटाला दोन्हींचा त्रास सारखाच जाणवत असला, तरी एकाचं दुखणं दुसऱ्याच्या स्क्रूने बरं करायला गेलं की गिटार वाजवायला आणखी अवघड होते.

रिलीफ म्हणजे नेकला पुढच्या बाजूने असलेला हलकासा खळगा. तारा नेकच्या दोन्ही टोकांना एकमेकांकडे ओढत असतात, म्हणून नेक धनुष्यासारखी वाकू पाहते. नेकच्या आतला स्टीलचा रॉड त्या ओढीला विरोध करतो. गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांनी असा कमी-जास्त करता येणारा रॉड काढला. त्याचं पेटंट १९२३ सालचं आहे. फेंडर कंपनीच्या एकसंध मेपल नेकच्या पाठीमागे मधोमध जी गडद लाकडाची पट्टी दिसते, तिच्याखाली हाच रॉड बसवलेला असतो.

नेक अगदी सरळ का ठेवत नाहीत? छेडलेली तार मधल्या भागात सगळ्यात जास्त हलते आणि टोकांना जवळजवळ हलतच नाही. तिला हलायला जागा मिळावी म्हणून नेकमध्ये किंचित खळगा ठेवतात. ही जागा फार थोडी असते. साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या (गोलाईच्या) फ्रेटबोर्डसाठी फेंडर ०.०१० इंच, म्हणजे पाव मिलिमीटर रिलीफ सांगते.

ॲक्शन म्हणजे फ्रेटच्या, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या पट्टीच्या, माथ्यापासून तारेच्या तळापर्यंतची उंची. ती प्रत्येक फ्रेटवर वेगळी असते, म्हणून कुठे मोजली हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. फेंडर सतराव्या फ्रेटवर मोजते आणि त्याच रेडियससाठी ४/६४ इंच, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर सांगते. पुष्कळ वादक मात्र बाराव्या फ्रेटवर मोजतात. एकाने सतराव्यावरचा आकडा सांगायचा आणि दुसऱ्याने तो बाराव्यावर लावायचा, असंही नेहमी होतं.

आता जाड तारांनी नेमकं काय बदलतं ते पाहू. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची स्केल लेंग्थ (तारेचा वाजणारा भाग) २५.५ इंच. स्टँडर्ड ट्युनिंगमध्ये नाईनच्या सेटची, म्हणजे ९-४२ ची (सगळ्यात बारीक ते सगळ्यात जाड तार, हजारांश इंचात), सहा तारांची मिळून ओढ सुमारे ३८ किलो भरते. टेनच्या १०-४६ सेटची सुमारे ४७ आणि इलेव्हनच्या ११-४९ सेटची सुमारे ५३. म्हणजे नाईनवरून थेट इलेव्हनवर गेलात तर नेकवर पंधरा किलोच्या आसपास जादा ओढ येते. रॉड मात्र अजून जुन्या ओढीला तोलून बसलेला असतो. त्यामुळे नेक आणखी पुढे वाकते, रिलीफ वाढतो, आणि रिलीफ वाढला की मधल्या फ्रेटवर ॲक्शनही वाढते. इथे ॲक्शन वाढणं हा परिणाम आहे, कारण रिलीफ.

ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) असलेल्या गिटारवर आणखी एक गोष्ट घडते. तारांची ओढ पाठीमागच्या स्प्रिंगांपेक्षा जास्त झाली की ब्रिजची मागची बाजू उचलली जाते. सॅडल ब्रिजवरच बसलेले, म्हणून तेही वर जातात. सॅडलचा एकही स्क्रू न फिरवता ॲक्शन वाढली, आणि या वाढीचा नेकशी काही संबंध नाही. म्हणजे एकाच दिवशी, एकाच तारसंचाने, दोन वेगळ्या वाटांनी तारा वर गेल्या. बोटांना मात्र एवढंच कळतं, की तार वर आहे.

मग ओळखायचं कसं? कोणत्या फ्रेटवर किती फरक पडतो हे पाहिलं की उत्तर मिळतं.

सॅडल खाली घेतल्यावर तार नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीच्या, टोकावर खिळून राहते आणि ब्रिजच्या टोकाला उतरते. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर असतो, म्हणून सॅडल १ मिलिमीटर उतरवला तर तिथे तार अर्धा मिलिमीटर उतरते. पहिल्या फ्रेटवर जेमतेम ०.०६ मिलिमीटर, सातव्यावर ०.३३ आणि बाविसाव्यावर ०.७. थोडक्यात, सॅडलचा जोर वरच्या फ्रेटवर चालतो, नटजवळ त्याचं काही चालत नाही. रिलीफचं गणित वेगळं. त्याचा सगळ्यात जास्त परिणाम सातव्या ते नवव्या फ्रेटच्या आसपास दिसतो आणि दोन्ही टोकांकडे तो विरत जातो.

म्हणून रिलीफ वाढलेला असताना फक्त सॅडल खाली घेतले की एक ठरावीक चित्र दिसतं. बाराव्या फ्रेटवर पट्टी ठेवली तर आकडा मनासारखा येतो. पण पाचव्या ते नवव्या फ्रेटच्या पट्ट्यात तारा अजूनही उंचच लागतात, कारण खळगा तिथेच आहे. आणि पंधराव्याच्या पुढे बझ (तार फ्रेटला घासून होणारी खरखर) सुरू होतो, कारण खळग्याच्या पलीकडे फ्रेटबोर्ड पुन्हा तारेच्या दिशेने चढतो आणि तुम्ही तार नेमकी तिथेच सगळ्यात जास्त उतरवलेली असते. वर बझ आणि मधे जडपणा अशी तक्रार घेऊन कोणी आलं, तर मी आधी सॅडल नाही, नेक बघतो.

उलट बाजूने चुकलं तर खूण वेगळी असते. ॲक्शन कमी व्हावी म्हणून रॉड आवळतच गेलात तर नेक सरळ होते आणि मग मागे झुकते. मग पहिल्या चार-पाच फ्रेटवर बझ येतो, कधी मोकळी तारही खरखरते, आणि वरचे फ्रेट मात्र स्वच्छ वाजतात. अशा वेळी सॅडल कितीही वर घेतले तरी खालच्या फ्रेटचा बझ नीट जात नाही. सॅडलचा परिणाम तिथे पोचतच नाही, हे वरच्या आकड्यांत दिसलंच.

रिलीफ मोजायची पद्धत मला फार आवडते, कारण ती ॲक्शनला पूर्ण बाजूला काढते. गिटार ट्यून करा, वाजवायला धरतो तशी मांडीवर धरा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून ठेवणारा चिमटा) लावा आणि जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. आता ती तार दोन फ्रेटच्या मधे ताणलेली सरळ पट्टी झाली. ब्रिज कितीही वर-खाली असला तरी या मापात फरक पडत नाही. आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेचा तळ यांच्यात जी फट उरते, तो तुमचा रिलीफ. फट मोजायला फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच) लागतं, आणि ते म्युझिकच्या दुकानात शोधत बसू नका. गाड्यांचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक तेच वापरतात, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. तेही नसेल तर टेनच्या सेटमधल्या सगळ्यात बारीक तारेचा कापलेला तुकडा घ्या. तिची जाडी ०.०१० इंच, म्हणजे बरोबर आपल्याला हवी तेवढी फट. तुकडा फटीत सरकवा. वरची तार न उचलता आणि न डगमगता तो आत गेला तर रिलीफ जागेवर आहे. तुकडा सैल हलत असेल तर रिलीफ जास्त. वरची तार उचलत असेल तर कमी.

आता क्रम. ट्रेमोलो असेल तर सुरुवात तिथून करा. पाठीमागचं झाकण काढलं की स्प्रिंगा आणि त्यांना धरणारा क्लॉ दिसतो. क्लॉचे दोन स्क्रू थोडे थोडे आत घ्या, पुन्हा ट्यून करा, पुन्हा पाहा. तरंगत्या ब्रिजसाठी प्लेटच्या मागच्या कडेखाली १/८ इंच, साधारण ३.२ मिलिमीटर फट असावी असं फेंडर सांगते. स्क्रू अगदी आत जाऊनही ब्रिज बसत नसेल तर एक स्प्रिंग वाढवा. तीन स्प्रिंगांवर इलेव्हनचा सेट तरंगत ठेवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, चार लावा. ही पायरी कंटाळवाणी आहे, कारण क्लॉ हलवला की ट्युनिंग हलतं आणि ट्युनिंग सुधारलं की ब्रिज हलतो. तिला घाई करू नका. ब्रिज चुकीच्या जागी असताना घेतलेलं ॲक्शनचं प्रत्येक माप वाया जातं. फिक्स्ड ब्रिजवाल्यांना ही पायरी नाही.

त्यानंतर रॉड. साध्या रॉडचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की रॉड आवळतो आणि रिलीफ कमी होतो. उलटा फिरवला की वाढतो. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. फिरवा, ट्यून करा, मोजा. लाकूड लगेच पूर्ण बसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मोजा. नट कडक लागत असेल तर तारा थोड्या सैल करा आणि मग आवळा. तरीही हलत नसेल तर तिथेच थांबा आणि गिटार जाणकाराकडे न्या. ॲलन की त्या गिटारच्या मापाचीच हवी. इंचाच्या नटात जवळपासची मिलिमीटरची की घातली तर ती बसल्यासारखी वाटते आणि जोर लावला की आतले कोपरे घासून टाकते. सॅडलचा स्क्रू बिघडला तर नवा मिळतो. रॉडचा नट बिघडला तर खर्च नेकपर्यंत जातो.

रिलीफ जागेवर आला की मगच ॲक्शनकडे वळा. पुष्कळदा तोपर्यंत निम्मं काम झालेलं असतं आणि सॅडल थोडेच हलवावे लागतात. स्ट्रॅटवर प्रत्येक सॅडलला दोन स्क्रू असतात, त्यामुळे सहा तारांची उंची फ्रेटबोर्डच्या गोलाईप्रमाणे राहते ना, ते बघत जा. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवर दोन्ही टोकांच्या चकत्या फिरवल्या की झालं. जाड, ताणलेली तार तेवढ्याच फटक्याला कमी रुंद हलते, म्हणून हात बेताचा असेल तर इलेव्हनवर ॲक्शन नाईनपेक्षा किंचित खाली ठेवूनही बझ येत नाही. कंपनीचा आकडा ही सुरुवात समजा. शेवटी तुमचा उजवा हात किती जोरात पडतो त्यावर ठरवा.

पहिल्या फ्रेटवरचा एफ बार कॉर्डच जड लागत असेल तर मात्र या दोघांपैकी कोणाचाच दोष नाही. तो तारांच्या खाचा असलेल्या नटचा प्रश्न आहे, रॉडच्या नटचा नव्हे. ४२ च्या तारेसाठी कापलेल्या खाचेत ४९ ची तार तळापर्यंत बसत नाही, वर अडकून राहते. ट्यून करताना टिंग असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर खाच अरुंद आहे हे नक्की. ती त्याच मापाच्या नट फाइलने रुंद करायची असते. जास्त घासली गेली तर नट बदलावाच लागतो, म्हणून हे काम अनुभवी हाताकडून करून घेतलेलं बरं.

एक मुद्दा मात्र या सगळ्याच्या आधी तपासायला हवा: तुम्ही ट्युनिंग कोणतं ठेवणार? सगळा हिशोब ओढीचा आहे, जाडीचा नाही. तोच सेट अर्धा सूर उतरवला की ओढ सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते, एक पूर्ण सूर उतरवला की सुमारे २१ टक्क्यांनी. म्हणजे ई फ्लॅटमधला, अर्धा सूर उतरवलेला, इलेव्हनचा सेट नेकला ४७ किलोनेच ओढतो, स्टँडर्डमधल्या टेनच्या सेटइतका. टेन वापरणाऱ्याने इलेव्हन लावून अर्धा सूर उतरवला, तर रॉडला हात लावायची बहुधा गरजच पडत नाही. नट आणि इन्टोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागणं) तेवढं बघायचं. डी स्टँडर्डला, म्हणजे पूर्ण सूर खाली, उतरवला तर ओढ ४२ किलोवर येते आणि टेनसाठी लावलेला रॉड उलट थोडा सैल करावा लागू शकतो. जाड तारा म्हणजे रॉड आवळायचाच, हे डोक्यात पक्कं बसलेल्यांना हे पटकन पटत नाही. पण फीलर गेज लावून पाहिलं की दिसतं. ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉन तेराच्या जाड तारा वाजवायचा तोही ई फ्लॅटमध्ये. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीने, कारखान्यातल्या अपघातात बोटांची टोकं गेल्यावर, उलट बारीक तारा घेतल्या आणि ट्युनिंग खाली नेलं. जड आवाज म्हणजे जड तारा, असं सरळ समीकरण नाही.

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी आणखी एक धरून चालावं. पावसाळ्याच्या दमट हवेत लाकूड ओल धरतं आणि नेक हलते. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की पुन्हा हलते. जुलैत बिघडलेला रिलीफ सॅडल फिरवून झाकला तर डिसेंबरात नेक परत फिरते, आणि दोन्ही गोष्टी चुकीच्या जागी सापडतात. ऋतू बदलला की आधी आठव्या फ्रेटवरची फट मोजा. ती तशीच असेल आणि तरीही तार वर वाटत असेल, तरच ब्रिजकडे जा.

इन्टोनेशन सगळ्यात शेवटी, कारण रिलीफ किंवा ॲक्शन बदलली की ते बदलतं. बारावा फ्रेट दाबून येणारा सूर आणि त्याच जागेचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा सूर) ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या. जाड तार जास्त ताठ असते, म्हणून नाईनवरून इलेव्हनवर आल्यावर बहुतेक सॅडल मागेच सरकवावे लागतात. वेढ्याविना असलेली तिसरी, जी तार सगळ्यात जास्त हट्टीपणा करते, तिला पुरेशी जागा हवी. तिच्या सॅडलची स्प्रिंग पूर्ण दाबली गेली आणि तरी सूर चढाच असेल, तर स्प्रिंग थोडी कापून छोटी करता येते.