शिट्टीआधीचा अर्धा सेकंद

आइस हॉकीच्या बर्फाळ रिंकच्या कोपऱ्यात, कठड्याला लागून पक (रबराची चकती) अडकलाय. बारा वर्षांचा एक मुलगा तो काढायला धावलाय. तोंड कठड्याकडे, पाठ मैदानाकडे, मान खाली. मागून दुसरा येतोय, सायकल जोरात दामटावी तशा वेगाने. दोघं भिडतात, धप्प आवाज होतो, वरची काच थरथरते आणि बाकांवरचे पालक एका सुरात ओरडतात. जवळच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला रेफरी उभा आहे. मागून ढकललं का? की पुढच्यानेच ऐन वेळी पाठ फिरवली? खांदा डोक्याला लागला, की दंडाला? हे सगळं त्याला अर्ध्या सेकंदात ठरवायचंय. रिप्ले वगैरे काही नाही. आणि बऱ्याचदा हा रेफरी खेळणाऱ्यांपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असतो.

मुलांच्या आइस हॉकीचे नियम अमेरिकेत आणि कॅनडात सतत बदलत आले आहेत. 'यूएसए हॉकी' ही अमेरिकेतली संघटना तर साधारण दर चार वर्षांनी नियमपुस्तक नव्याने काढते. पण पुस्तकातलं वाक्य बदललं म्हणजे खेळ बदलला, असं होत नाही. ते वाक्य त्या कोपऱ्यातल्या रेफरीच्या डोळ्यांतून जावं लागतं, आणि मुलं त्याच्यातून वाट काढतात ती वेगळीच.

याचं जुनं उदाहरण जाळीच्या मुखवट्याचं आहे. टोरांटोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. टॉम पॅशबी १९७०च्या दशकात हॉकीत डोळे गमावलेल्यांची नोंद ठेवत होते. स्टिकचं टोक किंवा पक डोळ्यात जायचा आणि एक डोळा कायमचा जायचा. त्यांच्या पाठपुराव्यामुळे दशकाच्या अखेरीस मुलांना चेहरा पूर्ण झाकणारी जाळी सक्तीची झाली आणि डोळ्यांच्या दुखापती जवळजवळ थांबल्या. इतकं स्वच्छ यश क्रीडा-वैद्यकात क्वचित मिळतं. पण पुढच्या काही वर्षांत त्याच शहरातले मेंदूशल्यविशारद डॉ. चार्ल्स टेटर यांच्यापुढे भलतेच रुग्ण येऊ लागले: मानेचा मणका मोडून लुळी पडलेली हॉकीपटू मुलं. बहुतेकांना मागून ढकलण्यात आलं होतं आणि डोक्याचा माथा थेट कठड्यावर आदळला होता.

मान सरळ असताना तिला मागच्या बाजूला एक नैसर्गिक बाक असतो आणि धक्का बसला की तो स्प्रिंगसारखा थोडा दबतो. मान खाली घातली की बाक नाहीसा होतो आणि मणके एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांसारखे सरळ रेषेत येतात. अशा वेळी माथा आदळला तर डोकं थांबतं, पण मागून येणारं अख्खं धड थांबत नाही. मधले मणके चिरडतात. हेल्मेट इथे काही करू शकत नाही, कारण मार कवटीला नसून मानेला असतो.

मुखवट्यामुळे मुलं जास्त बेदरकार झाली का, यावर पुष्कळ वाद झाला. 'आपल्याला काही होत नाही' या भावनेने माणूस जास्त धोका पत्करतो, असं एक मत. माझ्या मते एवढ्या एका कारणावर सगळं ढकलणं सोपं आहे म्हणूनच संशयास्पद आहे. त्याच काळात खेळही वेगवान आणि आडदांड होत गेला. काही असो, १९८०च्या दशकाच्या मध्यात कॅनडाने मागून ढकलण्याविरुद्ध वेगळा नियम केला. पुढे ओंटारियोतल्या विंडसर शहरातून आणखी एक साधी कल्पना निघाली. जर्सीच्या पाठीवर, नंबराच्या वर, वाहतुकीच्या खुणेसारखी लाल अष्टकोनी पट्टी शिवायची आणि तिच्यावर लिहायचं 'स्टॉप'. मागून येणाऱ्याला ही पट्टी दिसतेय म्हणजे समोर पाठ आहे. ही खूण रेफरीच्या आधी खेळाडूला दिसते, हे तिचं मोठेपण.

सगळ्यात जास्त गाजलेला बदल मात्र बॉडी चेकिंगचा. पक ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने किंवा छातीने धडक देऊन पकपासून दूर करायचं, याला चेकिंग म्हणतात. मोठ्यांच्या खेळात ते कायदेशीर आहे. मुलींच्या हॉकीत त्याला मुभा नाही. मुलग्यांना कितव्या वर्षी मुभा द्यावी, यावर मात्र वर्षानुवर्षं डोकी तापली.

हे डोकं तापणं थोडं गणिताने समजून घेऊ. अकरा-बारा वर्षांच्या वयात एकाचं वजन ३५ किलो आणि दुसऱ्याचं ६० किलो असणं काही नवलाचं नाही. एक वयात आलेला असतो, दुसरा नसतो. दोघं ताशी १८ किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळले आणि क्षणभर एकमेकांना चिकटून राहिले असं धरा. संवेगाच्या हिशेबाने मोठ्याच्या वेगात ताशी सुमारे १३ किलोमीटरचा फरक पडतो, लहानाच्या वेगात जवळजवळ २३चा. धडक एकच, पण डोक्याला बसणारा झटका वेगळा. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. कवटी एकदम थांबली किंवा गर्रकन फिरली की तो मागे राहतो, ताणला जातो, आणि कन्कशन (मेंदूला बसणारा धक्का) होतं. त्यासाठी डोक्याला थेट मार लागायलाच हवा असंही नाही.

योगायोगाने कॅनडात एक प्रयोग आपोआप उभा राहिला होता. अल्बर्टा प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना चेकिंगची परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. देश एक, वय एक, नियम दोन. कॅल्गरी विद्यापीठाच्या कॅरोलिन एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७-०८च्या हंगामात दोन्हीकडच्या मिळून दोन हजारांहून जास्त मुलांवर लक्ष ठेवलं. सराव आणि सामने धरून अल्बर्टात २४१ दुखापती झाल्या, त्यांतली ७८ कन्कशन. क्वेबेकमध्ये ९१ दुखापती आणि २३ कन्कशन. मुलांची संख्या दोन्हीकडे साधारण सारखी. नुसत्या सामन्यांचा हिशेब केला तर परवानगी असलेल्या ठिकाणी दुखापतींचा धोका तिपटीहून जास्त. २०१० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये अमेरिकेने या वयोगटातलं चेकिंग बंद केलं, २०१३ मध्ये कॅनडाने. त्यानंतर अल्बर्टात पुन्हा मोजणी झाली तेव्हा दुखापतींचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं आणि कन्कशनचं जवळजवळ एक तृतीयांशावर.

विरोधकांचा मुद्दा मात्र अगदीच फेकून देण्यासारखा नव्हता. ते म्हणत, पोहायला जसं लहानपणी शिकवतात तशी धडकही लहानपणीच शिकवा, नाहीतर तेराव्या वर्षी एकदम अंगावर आली की मुलं जास्त मोडतील. एमरींच्याच चमूने तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत हे तपासलं. एकूण दुखापतींत फरक दिसला नाही, पण आठवड्याहून जास्त काळ घरी बसवणाऱ्या दुखापती चेकिंगचा अनुभव असलेल्यांत कमी होत्या. हा निष्कर्ष विरोधकांनी झेंड्यासारखा फडकवला. पुढे २०२२ मध्ये पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास आला. त्यात तीन किंवा जास्त वर्षं चेकिंग केलेल्यांत दुखापतींचं प्रमाण उलट दुपटीहून जास्त निघालं. अनुभव ढाल ठरतो, या समजुतीला तिथे मोठा तडा गेला.

चेकिंगबंदीचा हा नियम इतका परिणामकारक का ठरला? धडक दिलीच नाही की अपघात होत नाही, हे तर आहेच. पण मला वाटतं दुसरं कारण असं की तो रेफरीला बऱ्यापैकी दिसतो. 'चेकिंग नाही' म्हणजे नाही. कडेच्या शंका राहतात: अंगाला अंग लागणं चालतं, वाट अडवून प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात रेटणं चालतं, मुद्दाम आदळणं चालत नाही. तरी मोठ्या, ठळक धडकेबद्दल कुणाचा घोळ होत नाही.

याच्या शेजारी डोक्याला स्पर्श करण्याचा नियम ठेवून बघा. २०११ मध्ये कॅनडाने मुलांच्या हॉकीत डोक्याला होणाऱ्या स्पर्शाबद्दल 'अजिबात खपवून घेणार नाही' असं धोरण आणलं. स्पर्श चुकून झाला तरी पेनल्टी, म्हणजे खेळाडूला काही मिनिटं बाहेर बसवणं. हेतू उत्तम. पण आधीच्या आणि नंतरच्या हंगामांची तुलना केली तेव्हा कन्कशन कमी झालेली दिसली नाहीत, उलट जास्त नोंदली गेली. याचा एक भाग मोजणीचा आहे. त्याच वर्षांत कन्कशनबद्दल जागरूकता वाढली, पूर्वी 'जरा गरगरलं' म्हणून सोडून दिलेली मुलं डॉक्टरांकडे जाऊ लागली. मोजपट्टीच लांब झाल्यावर उंची कमी झाली की नाही, कसं सांगणार? दुसरा भाग शिट्टीचा आहे. सामन्यांचं चित्रीकरण नंतर सावकाश बघितलं तेव्हा लक्षात आलं की डोक्याला थेट झालेल्या बहुतांश स्पर्शांना पेनल्टी दिलीच गेली नव्हती.

रेफरी झोपले होते का? नाही. आकलनाच्या शास्त्रात या अडचणीला जुनं उत्तर आहे. धूसर गोष्ट ओळखताना चूक दोन तऱ्हांची होते: झालेलं न दिसणं आणि न झालेलं दिसणं. नजर तीच असेल तर एक चूक कमी केली की दुसरी वाढते. खांदा हनुवटीला लागला की छातीला, हे दहा मीटरवरून, मध्ये तिसऱ्याची पाठ आड येत असताना ठरवायचं आहे. प्रत्येक शंकेला शिट्टी वाजवली तर खेळ पुढे सरकत नाही आणि निम्म्या शिट्ट्या चुकीच्या ठरतात. खात्री होईपर्यंत थांबलं तर खरे गुन्हे सुटतात. संघटनेचं पत्रक नजर तीक्ष्ण करू शकत नाही. ते फक्त उंबरठा सरकवतं.

आणि उंबरठा सरकला की परत घसरतो. मोठ्यांच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये हे आकड्यांत दिसतं. २००५-०६ मध्ये तिथे अडवणूक, स्टिकने अडकवून ओढणं, धरून ठेवणं यांवर कडक पेनल्टी द्यायला सुरुवात झाली. सामन्यागणिक प्रत्येक संघाला मिळणारे पॉवर प्ले (पेनल्टीमुळे समोरचा संघ एका खेळाडूने कमी असतानाचा खेळ) सुमारे ४.२ वरून ५.९ च्या आसपास गेले. नंतर वर्षागणिक उतरत २०१४-१५ पर्यंत साधारण ३ वर आले. खेळाडू सुधारले म्हणून, की रेफरी सैल झाले म्हणून? बहुधा दोन्ही, आणि दोन्ही वेगळं काढणं अवघड. एनएचएलच्या नोंदींत आणखी एक गंमत सापडते: ज्या संघावर आधीच्या पेनल्ट्या लागल्या, त्याच्याविरुद्ध पुढची पेनल्टी निघण्याची शक्यता कमी असते. व्यावसायिक रेफरीही नकळत तराजू समतोल करतात, तर शाळकरी पोराला दोष कशाला द्यायचा?

म्हणून रेफरीचं ओझं हलकं करणारे बदल मला जास्त रस घेण्यासारखे वाटतात. आयसिंगचं बघा. स्वतःच्या अर्ध्या भागातून पक फटकावून थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार पाठवला आणि वाटेत कुणी शिवला नाही, तर खेळ थांबतो आणि पुन्हा सुरुवात तुमच्याच गोलासमोर होते. पेनल्टीमुळे एक खेळाडू कमी असलेल्या संघाला मात्र यातून सूट असते. २०१७ मध्ये यूएसए हॉकीने चौदा आणि त्याखालच्या वयोगटांत ही सूट काढून टाकली. गुन्हा केलेल्या संघालाच सवलत कशाला, आणि मुलं पक नुसता भिरकावून देण्यापेक्षा सांभाळायला शिकू देत, हा विचार. प्रशिक्षक चिडले: दमलेली मुलं बर्फावर अडकतात, गोलकीपरवर मारा होतो, शिट्ट्या वाढतात. तक्रारीत तथ्य होतं. पण रेफरीचं एक काम गुपचूप कमी झालं. पूर्वी पक स्टिकवरून सुटला त्या क्षणी पेनल्टीची वेळ संपली होती का, हे घड्याळाकडे, पकाकडे आणि पेनल्टी बॉक्सच्या दाराकडे एकाच वेळी बघून ठरवावं लागे. आता एकच नियम, सगळ्यांना.

शिट्टी न वाजवताच वागणूक बदलणारा एक उपायही करून पाहिलेला आहे. १९९४ मध्ये मिनेसोटात वीस वर्षांखालच्या मुलांच्या एका स्पर्धेत प्राथमिक फेऱ्या 'फेअर प्ले' नियमांनी खेळवल्या: पेनल्टीची मिनिटं ठरलेल्या मर्यादेत ठेवली तर क्रमवारीत जादा गुण. अंतिम फेऱ्यांत हा गुण काढून घेतला. तीच मुलं, तेच रिंक; पेनल्ट्या जवळजवळ दुप्पट झाल्या आणि लक्षणीय दुखापतींचं प्रमाण चौपटीच्या पुढे गेलं. अंतिम फेरीची ईर्ष्या वेगळी असते, हे मान्य. आकड्यातला काही वाटा तिचाही असणार. तरी मला त्यातली युक्ती आवडते. प्रत्येक मुलगा जणू स्वतःपुरता रेफरी होतो, कारण त्याच्या उतावळेपणाची किंमत संघातले बाकीचे मोजतात आणि ड्रेसिंग रूममध्ये त्याला ऐकवतात.

बाकांवरच्या मोठ्या माणसांना मात्र असा गुण लागू होत नाही. मुलांच्या सामन्यांत शिट्टी धरणारे पुष्कळसे स्वतः शाळेत असतात आणि त्यांतले बरेच पहिल्या काही हंगामांतच सोडून जातात. कारण विचारलं की वेळ, पैसे यांच्याबरोबर हमखास येतं ते ओरडा खाणं. नियम बदलला त्या हंगामात हा ओरडा जास्तच, कारण पालकाला जुना नियम पाठ असतो आणि पोराला नवा. यावर कॅनडातल्या अनेक ठिकाणी काढलेला उपाय नियमपुस्तकाबाहेरचा आहे. मुख्य रेफरीच्या दंडावर एरवी नारिंगी पट्टी असते. तिथे रेफरी किंवा लाइन्समन अठरा वर्षांखालचा असेल तर तो दंडाला हिरवी पट्टी बांधतो. पेनल्टी देताना हात सरळ वर जातो, आणि शेवटच्या रांगेतल्या बापालाही ती लांबून दिसते.