१९५२ हेलसिंकी ऑलिंपिकमधील भारत

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे १९ जुलै ते ३ ऑगस्ट १९५२ या काळात झालेल्या उन्हाळी ऑलिंपिक स्पर्धेतील भारताचा सहभाग. स्वतंत्र भारताचे हे दुसरे ऑलिंपिक. भारताच्या पथकात ६४ खेळाडू होते, त्यांत ६० पुरुष आणि ४ महिला. पथकाने दोन पदके मिळवली. पुरुषांच्या हॉकी संघाला सुवर्णपदक मिळाले, तर सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांना कुस्तीत कांस्यपदक मिळाले. एकाच ऑलिंपिकमध्ये एकापेक्षा अधिक पदके मिळवण्याची स्वतंत्र भारताची ही पहिली वेळ होती. खाशाबांचे कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आहे. त्याआधी १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी भारताच्या नावावर धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती, पण तेव्हा देश पारतंत्र्यात होता.

पदकतालिकेत ही दोन पदके एका ओळीत मांडलेली असतात. त्यांच्यामागची तयारी मात्र एकाच देशाची वाटू नये इतकी वेगळी आहे. हॉकी संघाच्या पाठीशी चार सुवर्णपदकांची परंपरा होती. कुस्तीच्या पदकामागे होती ती गावकऱ्यांची वर्गणी आणि कोल्हापुरातले एक गहाण पडलेले घर. हेलसिंकीतली भारताची कामगिरी समजून घ्यायची तर हा फरक लक्षात ठेवूनच तिच्याकडे पाहावे लागते.

हेलसिंकीला हे यजमानपद खरे तर १९४० साली मिळायचे होते. दुसऱ्या महायुद्धाने ते हुकले आणि बारा वर्षांनी पुन्हा चालून आले. सोव्हिएत संघ प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला तो याच वेळी, आणि त्याचा थेट परिणाम भारताच्या कुस्तीवर झाला. उद्घाटनाच्या संचलनात भारताचा तिरंगा हॉकीपटू बलबीर सिंग (ज्येष्ठ) यांच्या हाती होता.

हॉकी

१९२८, १९३२, १९३६ आणि १९४८ अशी सलग चार सुवर्णपदके भारताच्या नावावर होती, त्यामुळे संघाकडून पाचवे सुवर्ण गृहीतच धरले होते. कर्णधार होते उत्तर प्रदेशातील बाराबंकीचे कुंवर दिग्विजय सिंग, म्हणजेच ‘बाबू’. लेस्ली क्लॉडियस, केशव दत्त, रणधीर सिंग जंटल, उधम सिंग, रंगनाथन फ्रान्सिस अशी नावाजलेली मंडळी त्यांच्या संघात होती. सामने सायकल शर्यतींच्या धावपट्टीच्या मधोमध असलेल्या हिरवळीवर झाले. उत्तरेकडची थंडी आणि ओलसर हवा भारतीय खेळाडूंच्या सवयीची नव्हती.

भारताला तीनच सामने खेळावे लागले. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रियावर ४-० आणि उपांत्य फेरीत ग्रेट ब्रिटनवर ३-१ असा विजय मिळाला. ब्रिटनविरुद्धचे तिन्ही गोल बलबीर सिंग यांचे होते. २४ जुलैला अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सचा ६-१ असा पराभव केला. त्या सहांपैकी पाच गोल एकट्या बलबीर यांनी मारले आणि उरलेला एक कर्णधार बाबूंनी. याआधी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात एकाच खेळाडूने सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम इंग्लंडच्या रेगी प्रिडमोर यांच्या नावावर होता. त्यांनी १९०८ साली चार गोल केले होते. बलबीर यांचा पाच गोलांचा विक्रम पुरुषांच्या हॉकीत आजही कायम आहे. संपूर्ण स्पर्धेत भारताने १३ गोल केले, त्यांतले ९ बलबीर यांचे. बाबूंच्या पासांविषयी जुने हॉकीप्रेमी आजही भरभरून बोलतात. चेंडू ज्याला द्यायचा त्याच्या पळण्याच्या वेगाचा अंदाज घेऊन तो पुढच्या मोकळ्या जागेत सरकवायचा, ही त्यांची हातोटी होती. गोल करणाऱ्याचे नाव धावफलकावर राहते. पण त्याला मोकळी जागा मिळवून देणाऱ्याचे श्रेय मोजायला रकाना नसतो, म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवले आहे.

कुस्ती आणि खाशाबा जाधव

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते, त्यामुळे लाल माती घरातच होती. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. शरीरयष्टी लहान, वजन बेताचे, पण चपळाई अशी की समोरच्याला पकड बसेपर्यंत डाव लागलेला असायचा. ढाक हा त्यांचा ठेवणीतला डाव. प्रतिस्पर्ध्याला वरच्या वर आवळून, त्याचाच तोल वापरून, त्याला जमिनीवर आणायचे. वजनाने भारी असलेल्या मल्लावरही तो चालत असे.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले होते. त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. गादीवरच्या कुस्तीची खरी ओळख त्यांना लंडनमध्ये झाली. मातीवरच्या कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की निकाल लागतो. तिथे घड्याळाची घाई नसते आणि गुणांचा हिशेबही नसतो. माती अंगाला चोळली की पकड बसते, पाय रुततात. गादीवर पाय घसरतो, घामाने पकड सुटते, पंच प्रत्येक हालचालीचे गुण मांडतात आणि ठरलेल्या वेळेत कुस्ती संपते. अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी लंडनमध्ये त्यांना या पद्धतीचे धडे दिले. पुढची चार वर्षे खाशाबांनी अधिक वजनी गटासाठी तयारी केली, कारण या वेळी त्यांना बँटमवेटमध्ये म्हणजे ५७ किलो गटात उतरायचे होते.

पहिली अडचण आली ती निवडीतच. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका वादग्रस्त गुणामुळे त्यांना डावलले गेले. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीतपट करून वाद मिटवला.

दुसरी अडचण पैशांची. निवड झाली तरी हेलसिंकीला जाण्याचा खर्च मल्लानेच उभा करायचा होता. मुंबई राज्याच्या सरकारकडे मागितलेली मदत मिळाली नाही. गोळेश्वर आणि कराड परिसरातल्या लोकांनी वर्गणी काढली. ती पुरेना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एका प्राचार्याने आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी छप्पर पणाला लावावे, ही महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. पदकाच्या उल्लेखाबरोबर तिचा उल्लेख व्हायलाच हवा.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. त्या काळी उणे गुणांची पद्धत होती. पराभवाला किंवा निसटत्या विजयालाही उणे गुण लागत. ते ठराविक आकड्यापर्यंत पोहोचले की मल्ल बाद होई. या गाळणीतून ५७ किलो गटात शेवटी तिघे उरले. जपानचे शोहाची इशी, सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह आणि खाशाबा. इशींबरोबरची कुस्ती प्रदीर्घ झाली आणि खाशाबा ती हरले. लगेच त्यांना मामेदबेकोव्ह यांच्यासमोर उभे राहण्यास सांगण्यात आले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागण्यासाठी, पंचांशी बोलण्यासाठी त्या क्षणी एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा पुन्हा गादीवर गेले आणि ही कुस्तीही हरले. इशींना सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख होती २३ जुलै, म्हणजे हॉकीच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी. अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता की नाही, हे सांगता येणार नाही. पण तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता आणि तो मागायला कोणी नव्हते, एवढे निश्चित.

त्याच पथकातले कोल्हापूरचे केशव माणगावे हे फेदरवेट, म्हणजे ६२ किलो गटात चौथे आले. पदकापासून एकच पायरी दूर. खाशाबांच्या यशाच्या प्रकाशात माणगावे यांचे नाव मागे पडले. कोल्हापुरी तालमींनी एकाच स्पर्धेत एक पदक आणि एक चौथा क्रमांक दिला, हे एकत्र मांडले म्हणजेच त्या मातीची ताकद नीट कळते.

फुटबॉल

हेलसिंकीतला भारताचा सर्वांत मोठा पराभव फुटबॉलमध्ये झाला. प्राथमिक फेरीत युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांचा. आदल्याच वर्षी, १९५१ साली, दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत हाच संघ सुवर्ण जिंकला होता. कर्णधार शैलेन मन्ना आणि प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम होते. पण भारतीय खेळाडूंपैकी बरेच जण अनवाणी खेळत. कोरड्या, उबदार मैदानावर उघड्या पायाला चेंडूचा स्पर्श छान कळतो. हेलसिंकीच्या थंडीत, ओल्या गवतावर तोच पाय घसरू लागला, गारठून बधिर होऊ लागला. समोरचा संघही साधा नव्हता. युगोस्लाव्हियाने पुढे अंतिम फेरी गाठून रौप्यपदक मिळवले. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट घालून खेळणे सक्तीचे केले. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत चौथा आला.

महिला खेळाडू आणि इतर

स्वतंत्र भारताच्या वतीने ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या महिला हेलसिंकीतच दिसल्या. धावपटू नीलिमा घोष आणि मेरी डिसोझा, जलतरणपटू डॉली नाझीर आणि आरती साहा. पैकी आरती साहा अवघ्या ११ वर्षांच्या होत्या. त्यांनी २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भाग घेतला. प्राथमिक फेरीच्या पुढे त्या जाऊ शकल्या नाहीत, पण सात वर्षांनी, १९५९ साली, त्यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. तसे करणाऱ्या त्या आशियातल्या पहिल्या महिला ठरल्या. मुंबईच्या मेरी डिसोझा यांच्या प्रवासखर्चासाठीही स्नेहीमंडळींनी पैसे गोळा केले होते. वर्गणीवर ऑलिंपिकला जाणारे खाशाबा एकटे नव्हते.

धावण्यात मुंबईचे लेव्ही पिंटो यांनी वेगवान शर्यतीत उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. १९५१च्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यतींची सुवर्णपदके त्यांनीच जिंकली होती. सुरत सिंग माथुर यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. एमिल झाटोपेक यांनी पहिल्याच प्रयत्नात जिंकलेली हीच ती मॅरेथॉन. याशिवाय मुष्टियुद्ध, सायकलिंग, नेमबाजी, भारोत्तोलन, जिम्नॅस्टिक्स आणि वॉटर पोलो या खेळांतही भारतीय उतरले, पण पदकाच्या जवळ कोणी पोहोचले नाही.

परतल्यानंतर

खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनवर लोक ढोल-ताशे घेऊन जमले होते. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत निघाली. एरवी काही मिनिटांत संपणारी ती वाट त्या दिवशी काही तासांची झाली. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी एक काम आधी केले. कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांना केंद्राचा एकही मोठा क्रीडा सन्मान मिळाला नाही. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. बलबीर सिंग यांना मात्र १९५७ साली पद्मश्री मिळाली, आणि हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या खेळाडूंत त्यांची गणना होते.

खाशाबांनंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षे लागली. १९९६ साली अटलांटात लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य जिंकले. कुस्तीतले पुढचे पदक सुशील कुमार यांनी २००८ साली बीजिंगमध्ये मिळवले, म्हणजे ५६ वर्षांनी. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील कुस्त्या दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात झाल्या. तिथल्या कुस्तीच्या सभागृहाला खाशाबा जाधव यांचे नाव देण्यात आले आहे.