चाळीस डॉलरच्या दंडाची गोष्ट

नेटफ्लिक्सच्या जन्माची एक कथा वर्षानुवर्षं फिरते आहे. रीड हेस्टिंग्ज यांनी व्हिडिओ कॅसेट उशिरा परत केली, 40 डॉलर दंड बसला, चिडून त्यांनी कंपनी काढली. कथा छानच आहे, पण सहसंस्थापक मार्क रँडॉल्फ यांनीच ती सोयीसाठी रचलेली असल्याचं सांगून टाकलंय.

शिवाय तिच्यामुळे वाटतं की हा कुणी त्रासलेला साधा ग्राहक होता. तसं अजिबात नव्हतं. हेस्टिंग्ज आफ्रिकेतल्या स्वाझिलँडमध्ये (आताचं एस्वातिनी) गणित शिकवून आलेले, नंतर स्टॅनफर्डमधून संगणकशास्त्र शिकलेले. 1991 मध्ये त्यांनी प्युअर सॉफ्टवेअर काढली, प्रोग्रामरना चुका शोधून देणारी. रँडॉल्फ भूगर्भशास्त्राचे पदवीधर (हे कुठेच उपयोगी पडलं नसावं!), पण मुरले ते टपालातून माल विकण्याच्या धंद्यात. त्यांची छोटी कंपनी हेस्टिंग्ज यांच्या कंपनीने विकत घेतली, तिथे दोघं एकत्र आले.

1997 मध्ये ती कंपनीही विकली जात असताना दोघं एकाच गाडीतून कामावर जात आणि वाटेत नवनव्या कल्पनांची चिरफाड करत. सिनेमांच्या डीव्हीडी टपालाने भाड्याने देण्याची कल्पना त्यातलीच. चकती पाकिटातून धड पोचते का, हे त्यांनी साधी सीडी स्वतःच पोस्टाने पाठवून पाहिलं.

आणि गंमत म्हणजे 1998 मध्ये नेटफ्लिक्स सुरू झालं, तेव्हा तिथेही प्रत्येक चकतीला भाडं आणि परतीची मुदत होतीच. मासिक वर्गणी आली ती 1999 मध्ये.