थर्टी-फर्स्टची इटालियन बाटली: तिकडे स्वस्त का, इकडे महाग का

नाताळ ते थर्टी-फर्स्ट हा आठवडा मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यात आमच्यासारख्या निवास-न्याहारीवाल्यांना श्वास घेऊ देत नाही. पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात आणि डिकीतून बॅगांबरोबर बाटल्याही उतरतात. पूर्वी त्यात रम आणि व्हिस्की असायची. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला जाड काचेची, बुचाला तार बांधलेली एक बाटली दिसू लागली आहे. पाहुणे तिला शॅम्पेन म्हणतात. लेबल वाचलं तर बहुतेक वेळा ती प्रोसेको, म्हणजे इटलीची फेसाळ वाइन निघते.

अशीच एक बाटली दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांनी मला उघडायला दिली. पुण्याहून आठ-नऊ तास डिकीत तापत आलेली. मी ती सुरमईच्या पेटीतल्या बर्फात जेमतेम दहा मिनिटं खुपसली आणि तार सोडली. बूच थेट पडवीच्या कौलांवर आणि अर्धी वाइन सारवलेल्या खळ्यात. शेजारचे आबा काठी टेकत बघत होते. म्हणाले, "मेल्या, ह्या माडयेसारख्याच फसफसता मां!"

आबांनी नकळत बरोबर नाडी पकडली होती. नारळाच्या झाडावरून पहाटे उतरवलेली नीरा गोड आणि शांत असते. ऊन चढलं की हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट तिच्यातली साखर खायला लागतं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि दुपारपर्यंत मडक्यावर फेस धरतो. तीच माडी. भंडाऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे कुणी शिकवायला लागलं नाही. फेसाळ वाइनमध्ये याहून वेगळं काही घडत नाही. फरक इतकाच की मडकं उघडं असतं आणि वायू उडून जातो. तोच वायू बंद भांड्यात कोंडला की वाइनमध्ये विरघळून राहतो आणि बूच निघाल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. आता भांडं कुठलं आणि किती मोठं, यावर बाटलीची किंमत ठरते. इटालियन बाटली स्वस्त का, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

फ्रान्समधल्या शॅम्पेनमध्ये हे भांडं म्हणजे खुद्द बाटली. तयार वाइन बाटलीत भरायची, साखर आणि यीस्ट घालून बंद करायची आणि आत दुसऱ्यांदा आंबू द्यायची. मग ती निदान पंधरा महिने तळघरात ठेवायची, हळूहळू फिरवत उलटी करायची म्हणजे यीस्टचा गाळ मानेत जमतो, मान गोठवून तो गाळ काढायचा आणि पुन्हा बूच लावायचं. प्रत्येक बाटलीमागे हात, जागा आणि वेळ. किंमत तिथे चढते.

इटलीत याची सुरुवात नक्कल करण्यापासूनच झाली. पिएमाँतच्या कानेल्ली गावचे कार्लो गान्चा फ्रान्समध्ये रॅन्सला जाऊन ही विद्या शिकून आले आणि 1865 च्या सुमारास त्यांनी मोस्कातो द्राक्षाची फेसाळ वाइन काढली. पण मोस्कातो हे गोड, अत्तरासारख्या वासाचं द्राक्ष, आणि लोकांना त्याची वाइनही गोडच हवी. वाइनमध्ये साखर उरली की यीस्ट पुन्हा कामाला लागतं, दाब वाढत जातो आणि तळघरात बाटल्या फुटतात. म्हणून कापडी पिशव्यांतून वाइन पुन्हा पुन्हा गाळायची, यीस्ट जमेल तितकं काढून टाकायचं असा खटाटोप चाले. कानेल्लीच्या जमिनीखालची ती भलीमोठी तळघरं आता युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

या कटकटीवर तोड काढली फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी. ते आस्ती इथल्या वाइन प्रयोगकेंद्राचे संचालक होते. दुसरं आंबवणं हजारो बाटल्यांत करण्यापेक्षा एकाच मोठ्या बंद टाकीत करावं, गाळही तिथेच काढावा आणि दाब न सोडता वाइन बाटलीत भरावी, ही त्यांची कल्पना. 1895 मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. त्यांची टाकी लाकडी होती. पुढे 1907 मध्ये फ्रान्सच्या युजेन शार्मा यांनी पोलादी टाकी वापरून ही पद्धत कारखान्याला झेपेल अशी केली आणि जगभर नाव झालं ते शार्मा यांचंच. इटालियन मंडळी अजूनही आधी मार्तिनोत्तींचं नाव घेतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

टाकीतली वाइन महिना-दोन महिन्यांत तयार होते आणि माणसंही कमी लागतात. म्हणून इटलीतल्या दुकानात साधी प्रोसेको पाच ते दहा युरोंत मिळते. ती शॅम्पेनच्या खालच्या दर्जाची म्हणून स्वस्त, असं आपल्याकडे सर्रास समजतात. ते खरं नाही. प्रोसेकोच्या द्राक्षाची सगळी गंमत ताज्या वासात आहे: हिरवं सफरचंद, नाशपाती, पांढरी फुलं. यीस्टच्या गाळावर दोन वर्षं ठेवली तर तो वास पावासारख्या, भाजक्या वासाखाली दबून जाईल. या द्राक्षाला टाकीच मानवते.

प्रोसेको हे मुळात एका गावाचं नाव. ते इटलीच्या पार ईशान्य टोकाला, त्रिएस्तेच्या जवळ आहे. द्राक्ष मात्र मोठं झालं पश्चिमेला, व्हेनिसच्या उत्तरेकडच्या कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने या डोंगराळ भागात. आन्तोनियो कार्पेने यांनी तिथे 1868 मध्ये वाइनचा कारखाना काढला आणि याच द्राक्षाची फेसाळ वाइन रूढ केली. 1876 मध्ये कोनेल्यानोत वाइनविद्येची शाळा निघाली आणि तिथल्या पोरांनी गावोगाव टाकीची पद्धत नेली. तरीही पुढची शंभर वर्षं हे प्रकरण व्हेनेतो प्रांताच्या फारसं बाहेर गेलं नाही. 1969 मध्ये या टेकड्यांच्या वाइनच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. खरा गोंधळ त्यानंतर सुरू झाला.

आंबेवाल्यांना हा गोंधळ चटकन कळेल. एप्रिलमध्ये कर्नाटकातला आंबा देवगड हापूसच्या पेटीत भरून विकतात तेव्हा आपला किती तिळपापड होतो! तोवर 'प्रोसेको' हे द्राक्षाचंही नाव होतं, आणि द्राक्षाच्या नावावर कुणाला मालकी सांगता येत नाही. कुणीही, कुठेही ते लावावं आणि बाटलीवर प्रोसेको लिहावं. इटालियनांनी 2009 मध्ये यावर नामी शक्कल काढली. द्राक्षाचं नाव बदलून 'ग्लेरा' हे जुनं नाव पुढे आणलं. आणि प्रोसेकोचा अधिकृत टापू व्हेनेतो आणि फ्रियुली या प्रदेशांतल्या नऊ जिल्ह्यांत इतका पसरवला की त्रिएस्तेजवळचं ते मूळ गावही त्यात आलं. म्हणजे आता प्रोसेको हे ठिकाणाचं नाव, आणि ठिकाणाच्या नावाला कायदा राखतो. जुन्या टेकड्यांना त्याच वेळी वरचा दर्जा दिला. ऑस्ट्रेलियातले बागायतदार अजून म्हणतात की हे द्राक्षाचंच नाव, आम्ही वापरणार. आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं 2018 मध्ये, तेही पाच जिल्ह्यांना मिळून. देवगड आणि रत्नागिरीतला वाद त्यानेही मिटला नाही तो नाहीच.

2008 च्या मंदीनंतर युरोपात हात आखडले. लोकांना सण साजरा करायचा होता, पण शॅम्पेनच्या भावात नाही. प्रोसेकोला ही वेळ अशी काही फळली की 2013 च्या सुमारास तिने बाटल्यांच्या संख्येत शॅम्पेनला मागे टाकलं, आणि आता वर्षाला 60 कोटींहून जास्त बाटल्या निघतात. 2019 मध्ये कोनेल्यानो-वाल्दोब्बियादेनेच्या टेकड्या जागतिक वारशात गेल्या, 2020 मध्ये गुलाबी प्रोसेकोलाही परवानगी मिळाली. इतकी बाटली काढायची म्हणजे सपाटीवरही द्राक्ष लावावं लागतं. म्हणून साध्या प्रोसेकोत पाणचट मालही पुष्कळ येतो, हे पैसे देण्याआधी लक्षात असू द्यावं.

आता इकडचा हिशोब. इटलीची वाइन या किनाऱ्याला नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं प्रवासमार्गाचं टिपण लिहिलं. त्यात भडोच बंदरात काय खपतं याची यादी आहे. यादीत पहिलीच वस्तू वाइन, आणि तीही शक्यतो इटलीची. मग लाओडिसियाची आणि अरबस्तानातली. पुढे त्यातच चौल आणि कल्याण ही आपली बंदरं येतात. घारापुरी बेटावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या मद्यकुंभांची, म्हणजे अँफोरांची, खापरं सापडली आहेत. त्या वाइनीला अर्थातच फेस नव्हता. पण दोन हजार वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईकही 'इटलीची आहे का?' असं विचारत होतं, याची मला फार मौज वाटते.

त्याच घारापुरीच्या जवळ आज न्हावा-शेवा बंदर आहे, आणि परदेशी वाइनचे कंटेनर तिथे उतरतात. बाटली महाग होते ती तिथे. आयात वाइनवर सीमाशुल्क वर्षानुवर्षं 150 टक्के राहिलं. म्हणजे शंभर रुपयांची बाटली धक्का ओलांडतानाच अडीचशेची. मग राज्याचं उत्पादन शुल्क, आयातदार, घाऊकवाला, दुकानदार, शिवाय रंगरंगोटी केलेल्या रिसॉर्टचा हात. मडगावच्या दुकानात तीच बाटली बरीच स्वस्त दिसते, कारण गोव्याचा कर वेगळा. म्हणून सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांना मोह होतो. पण गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि डिसेंबरात इन्सुलीच्या नाक्यावर डिक्या उघडायला लावतात. 1949 च्या दारूबंदी कायद्याची चौकट या राज्यात अजून उभी आहे.

तिसरी वाट घाटावरून येते. 1980 च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने, थेट बाटलीतल्या पद्धतीने फेसाळ वाइन निघाली आणि 'ओमर खय्याम' या नावाने युरोपात विकलीही गेली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष-वाइनचं धोरण आणलं, नाशिक पुढे आलं. अकलूजला तर इटालियन भावांनी मराठी भागीदारांबरोबर मळे लावले. त्या वाइनचं नाव फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये भाऊच. या देशी बाटल्यांना सीमाशुल्क लागत नाही, त्यामुळे चार पाहुण्यांसाठी एकच बाटली परवडत असेल तर मी बिनदिक्कत यातली सुचवतो.

इटलीचीच हवी असेल तर लेबलावरच्या एका शब्दाने फसू नये. 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे अगदी कोरडी, असं वाटतं. प्रत्यक्षात ती 'ब्रूत'पेक्षा गोड असते: ब्रूतमध्ये लिटरमागे 12 ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17, आणि नुसती 'ड्राय' तर 32 पर्यंत. जुन्या काळी फेसाळ वाइन सरबतासारखी गोड प्यायचे, त्या मानाने ही कोरडी. नाव तेव्हाचं चिकटलं. रवा लावून तळलेल्या सुरमईला आणि तिसऱ्यांच्या सुक्याला ब्रूत बरी. मालवणी मसाल्याचं तिखट असेल तर एक्स्ट्रा ड्राय, तिची गोडी जिभेला सांभाळते. आस्ती किंवा मोस्कातो द'आस्ती या मोस्कातो द्राक्षाच्या गोड वाइन जेवणाबरोबर घेऊ नका. मोस्कातो द'आस्तीत अल्कोहोल जेमतेम साडेपाच टक्के, गोडी भरपूर; ती शिरवाळ्यांच्या नारळाच्या रसाबरोबर किंवा खापरोळीबरोबर लागते तशी कशाबरोबर लागत नाही. वसईच्या नाताळात डुकराच्या मांसाचं सोरपोतेल असेल तर मोदेनाकडची लाल फेसाळ लांब्रुस्को शोधावी. डुकराचं मांस खाणाऱ्या मुलखातलीच ती वाइन. फ्रान्चाकोर्ता मात्र या यादीतून वगळा. ती इटलीची असली तरी 1961 पासून शॅम्पेनच्याच पद्धतीने बाटलीत होते, आणि भावही तसाच मागते.

दुकानात बाटली घेताना उन्हाच्या फळीवरची घेऊ नये, आणि 'कधीतरी उघडू' म्हणून कपाटातही ठेवू नये. आपल्या दमट उकाड्यात प्रोसेकोचा वास वर्षभरात मरतो. आणि बर्फ. मासळीच्या पेटीत चालेल, पण नुसते खडे नकोत: बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ, मूठभर मीठ आणि निदान अर्धा तास. गार वाइनमध्ये वायू विरघळून राहतो, तापलेल्या वाइनमधून सुटायला बघतो. उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. गेल्या थर्टी-फर्स्टला असं केलं तर नुसता 'फुस्स' आवाज झाला. आबा जरा हिरमुसले. त्यांना कौलं फुटायला हवी होती.