वैयक्तिक ब्रँडिंग (नोकरीच्या शोधातले)

आपल्याला कोणते काम येते, ते किती मुरलेले आहे आणि त्याची ग्वाही कोण देईल, हे माणसे निवडणाऱ्याच्या नजरेस पडेल असे मांडणे म्हणजे वैयक्तिक ब्रँडिंग. रोजच्या बोलण्यात हा शब्द क्वचितच येतो. ‘प्रोफाइल नीट कर’, ‘बायोडेटा अपडेट कर’ असेच म्हटले जाते. अमेरिकी व्यवस्थापन-लेखक टॉम पीटर्स यांनी १९९७ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या मासिकातल्या लेखातून ही कल्पना लोकप्रिय केली. भारतात नौकरी डॉट कॉम त्याच वर्षी सुरू झाले, नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडणारे लिंक्डइन २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. साबणाच्या धंद्यातली भाषा माणसाला लावणे अनेकांना खटकते, आणि ते गैर नाही.

ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात ही गरज कशी आली, हे कामाच्या बदलत्या जागांवरून कळते. एमआयडीसीची, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, स्थापना १९६२ ची. वागळे इस्टेट ही तिची सुरुवातीची वसाहत. पुढे ठाणे–बेलापूर रस्त्यालगत रसायनांचे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने उभे राहिले. तेव्हा भरतीची पाटी गेटवर लागे, सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलेले असे, आणि आत कामाला असलेला शेजारी साहेबांकडे ‘शब्द टाकत’ असे. आता त्याच पट्ट्यात ऐरोली, घणसोली, महापे येथे आयटी पार्क आहेत. तिथल्या गेटवर सुरक्षारक्षक असतो, पाटी नसते. उमेदवाराची पहिली चाळणी कुठल्या तरी दुसऱ्या शहरातल्या स्क्रीनवर होते.

मराठी उमेदवाराची खरी अडचण मात्र तंत्राची नसून संकोचाची असते. स्वतःची लाल करणे हे आपल्याकडे वाईटच. समर्थ रामदासांनीही आत्मस्तुती करणाऱ्याला मूर्खाच्या लक्षणांत बसवले आहे. उलट बाजूने म्हणही आहेच : बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. या दोन्हींच्या कात्रीत सापडलेला माणूस बायोडेटात ‘मेहनती, प्रामाणिक, जबाबदार’ असे लिहून मोकळा होतो, आणि नेमकी तीच स्तुती ठरते, कारण तिला पुरावा नसतो. तुर्भ्याच्या एखाद्या गोदामात डिस्पॅच सांभाळणाऱ्या मुलाचे उदाहरण घ्या. ‘डिस्पॅचचे काम पाहिले’ यातून काहीच कळत नाही. ‘रोज सुमारे ४० गाड्यांचे लोडिंग; टॅलीत बिले; ई-वे बिल स्वतः काढतो; स्टॉकची जुळणी दर शनिवारी’ असे लिहिले की त्याने स्वतःबद्दल एकही विशेषण न वापरता वाचणाऱ्याला चार प्रश्न विचारायला जागा करून दिली. आकडा हा हिशेब असतो, बढाई नसतो. अर्थात तो खरा असेल तर. ४० चे ८० केले की मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते.

‘बायोडेटा’ हा शब्द मराठीत लग्नालाही चालतो आणि नोकरीलाही, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात सहज उतरतो. वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, कधी जात आणि उंचीसुद्धा! नोकरीच्या कागदावर यातले काही लागत नाही. नावाचा घोळ त्याहून मोठा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, प्रोफाइलवर शेवटी. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीची प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने आणि पगारपत्रक सासरच्या. पडताळणीच्या वेळी हे जुळवताना दमछाक होते. म्हणून अनेक जणी दोन्ही आडनावे लिहितात, आणि तेच सोयीचे. दोन रकान्यांची रंगीत मांडणीही टाळावी. अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला साधा, एकाखाली एक मजकूर बरा वाचता येतो.

ओळखीने नोकरी लागणे म्हणजे वशिला, असा समज आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये वेगळेच दाखवले. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांपैकी १६.७ टक्क्यांचीच त्या ओळखीच्या व्यक्तीशी वरचेवर भेट होत होती. बाकीच्यांची अधूनमधून किंवा क्वचित. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. लांबच्या ओळखीकडे वेगळी बातमी असते. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात फार घट्टही नाहीत आणि अगदीच नावापुरत्याही नाहीत अशा ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. ठाणे–वाशी लोकलमधला ग्रुप याच जातीचा. कोणी रबाळ्याला उतरतो, कोणी कोपरखैरण्याला, आडनावे एकमेकांना पक्की माहीत नसतात. पण ‘आमच्याकडे अकाउंट्सला एक जागा निघतेय’ हे वाक्य तिथेच कानावर पडते. अशा वेळी पुढे पाठवता येईल असा एका पानाचा पीडीएफ मोबाइलमध्ये तयार असणे, हे रोज सकाळी प्रेरणादायी पोस्ट टाकण्यापेक्षा फार उपयोगाचे.

नावाला प्रसिद्धी मिळाली की भामट्यांचेही फोन येतात. मुलाखतीआधी ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘ट्रेनिंग’च्या नावाखाली यूपीआयने पैसे मागणारा नोकरी देत नसतो. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

खऱ्या फोनवरचे पहिले प्रश्न मात्र ब्रँडचे नसतात : नोटीस पिरियड किती, सध्याचा पगार किती, राहायला कुठे? शेवटच्या प्रश्नामुळे बदलापूर-टिटवाळ्याकडची मुले प्रोफाइलवर नुसते ‘ठाणे’ लिहितात, कारण लांबचा पत्ता दिसला की फोनच येणार नाही, अशी त्यांना भीती असते. त्यापेक्षा बदलापूरहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, हा प्रवास आधीच्या नोकरीत किती वर्षे केला, ते सांगून टाकलेले बरे.