तुरा आधी, केस नंतर

‘सुधारित मका आला तरी छोटे शेतकरी जुनंच बियाणं पेरतात’ असं कुणी म्हटलं की पाठोपाठ अडाणीपणाचा शिक्का येतोच. मला तो पटत नाही. तुकडाभर कोरडवाहू जमिनीवर घर चालवणारा चांगल्या वर्षी किती पिकेल हे नंतर बघतो. पावसाने ओढ दिली तर घरात किती येईल, हे आधी. मक्याचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

मक्याच्या शेंड्याला परागकणांचा तुरा असतो आणि बगलेत कणीस. कणसाचा प्रत्येक केस आतल्या एकेका बीजांडाला जोडलेला. केसावर परागकण पडला की त्यातून नलिका फुटते आणि केसाच्या आतून वाढत साधारण एका दिवसात बीजांड गाठते. पाणी पुरेसं असलं तर पराग झडू लागल्यावर दोन-तीन दिवसांत केस बाहेर येतात. पण केस वाढतो तो पेशी लांबल्यामुळे, आणि पेशी लांबतात आतल्या पाण्याच्या दाबामुळे. ताण पडला की तुरा जवळपास वेळेवर येतो, केस मात्र आठवडाभरही रखडतात. तोवर पराग संपलेले. कणीस जवळजवळ रिकामं.

मेक्सिकोतल्या ‘सिमिट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राने १९७०च्या दशकापासून मका बिनपावसाच्या हंगामात लावून, पाणी तोडून, तुरा आणि केस यांच्या येण्यातलं हे दिवसांचं अंतर कमी असलेली झाडं निवडली. थेट उत्पादनच का मोजलं नाही? कारण दुष्काळात उत्पादनातला फरक जनुकांमुळे किती आणि जमिनीतल्या ओलीमुळे किती, हे वेगळं काढणं कठीण होतं, म्हणजेच उत्पादनाची आनुवंशिकता घसरते. फुलोऱ्यातल्या अंतराची तितकी घसरत नाही. शिवाय ते नुसत्या डोळ्यांनी मोजता येतं. (पाण्याशिवाय पिकणारा मका मात्र कुणी बनवलेला नाही, जाहिराती काहीही म्हणोत.)

पण दुष्काळात टिकणारा वाण पेरला जाईलच असंही नाही. आफ्रिकेतल्या मलावीत मऊ दाण्याचे संकरित वाण भरपूर पिकूनही फारसे रुजले नाहीत: कांडायला गैरसोयीचे, साठवणीत सोंडकिड्यांना आयते. १९९० मध्ये टणक दाण्याचे एमएच-१७ आणि एमएच-१८ आले, मग चित्र बदललं. जमिनीच्या सुपीकतेच्या प्रयोगांसाठी त्याच देशात निघालेली ‘मदर-बेबी’ पद्धत पुढे वाणांसाठीही वापरली गेली: मध्यवर्ती शेतात सगळे पर्याय, आणि शेतकऱ्यांच्या वावरात त्यांतले मोजके, त्यांच्या नेहमीच्या मशागतीवर. संकरित मक्याचे दाणे राखून पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून बियाणं दरसाल विकत घ्यावं लागतं. त्या पैशाचं काय होणार, हे प्रात्यक्षिकाच्या फलकावरून कळत नाही. ते कोरड्या आठवड्यात शेजारच्या बांधावरून कळतं.