पोटखराब्यातले पाहुणे

नान्नजच्या माळावर पहिल्या अर्ध्या तासात पक्षी दिसो न दिसो, पायमोज्यांत कुसळं भरतातच. दिवाळी सरलेली असते, पंढरपुरातली कार्तिकीची गर्दी ओसरलेली असते आणि गवत हिरव्याचं पिवळं झालेलं असतं. कार्तिकी ते चंपाषष्ठी या दिवसांत जमेल त्या रविवारी मी आणि माझा मित्र पहाटे सोलापुरातून मोटारसायकलवर बार्शी रोडला लागतो. तो याच भागातल्या एका वाडीचा, शेती करणारा. दुर्बीण माझ्या गळ्यात असते, पक्षी मात्र आधी त्यालाच दिसतो.

कुसळं काढायला बांधावर बसलो की मी दरवेळी एखादं तळहातावर घेऊन बघतो. कुसळी गवताच्या बीला पुढे सुईसारखी अणी असते, अणीवर मागे वळलेले बारीक ताठ केस आणि शेवटी दोरीसारखी पिळलेली लांब शेपटी. शेपटीवर थुंकीचा थेंब लावला की ती हळूहळू उलगडत गरगर फिरायला लागते, वाळली की पुन्हा पीळ धरते. जमिनीवर पडलेल्या बीचं हेच चालू असतं. रात्री दव पडलं की पीळ सुटतो, दिवसा ऊन लागलं की बसतो, आणि त्या फिरण्यानं अणी गिरमिटासारखी मातीत शिरत जाते. केस मागे वळलेले असल्यामुळे शिरलेली अणी माघारी येत नाही. आमच्या मोज्यांनाही ती माती समजते.

"थांब की बे, हलू नको," मित्र कुजबुजतो. मी मान न वळवता डोळे वळवतो. गवताच्या शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून एक राखाडी पक्षी येत असतो. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले. दोन-चार वेळा पंख मारतो, मग तरंगतो, किंचित इकडे कलतो, किंचित तिकडे. मध्येच जागच्या जागी वळतो आणि पाय खाली सोडून गवतात बुडी मारतो. हा भोवत्या. शेताच्या तुकड्यावरून, गायरानावरून भोवत राहतो, त्याला शोभणारंच नाव आहे.

आमच्याकडे हिवाळ्यात दोन जाती मुख्यतः दिसतात, माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या. नर ओळखणं सोपं. पांढुरक्याचा रंग जवळजवळ पांढरा आणि पंखांच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यूचा नर जास्त राखाडी आणि पंखावर आडवी काळी रेघ. माद्या आणि पिल्लं मात्र तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, आणि दोन्ही जातींच्या इतक्या सारख्या की आम्ही अजूनही वहीत बऱ्याचदा नुसतं "भोवत्या, मादी किंवा पिल्लू" असंच लिहितो. खात्री नसताना जात लिहायची नाही, हा आमचा नियम आहे.

या पक्ष्याची घडण बघण्यासारखी आहे. माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखांचा पसारा मीटरभर भरतो आणि वजन साधारण पाव किलो ते चारशे ग्रॅम. एवढ्या कमी वजनाला एवढे मोठे पंख मिळाले की पक्ष्याला खाली न पडता अगदी सावकाश उडता येतं. गरुडाला आभाळात चढायला तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा लागते, म्हणून तो सकाळी उशिरापर्यंत झाडावर बसून राहतो. भोवत्याला तिची वाट बघावी लागत नाही. घुबडासारखी त्याच्या चेहऱ्याभोवती पिसांची तबकडी असते, आवाज कानाकडे वळवणारी. गवतात खाली काय खुसफुसतंय ते डोळ्यांच्या जोडीला कानांनीही टिपायचं, तर हळू आणि खालून उडणंच बरं.

आणि खुसफुसत काय असतं? मुख्यतः नाकतोडे. पावसाळ्यात अंड्यांतून निघालेली त्यांची पिल्लं शरद संपता संपता पूर्ण वाढलेली असतात. थंडीच्या सकाळी आपण गवतातून चाललो तर ते उडत नाहीत, जड होऊन काडीला चिकटून राहतात. कीटकांच्या शरीराला स्वतःची ऊब फारशी नसते, बाहेरच्या उन्हानं ते तापतात. म्हणून ऊन आलं की नाकतोडे काडीच्या वरच्या टोकाला येऊन बसतात. अंग तापेपर्यंत त्यांना उडीही धड मारता येत नाही. आम्ही स्वेटर घालून उभे असतो त्या वेळेला भोवत्याचं काम जोरात चाललेलं असतं, ते यामुळेच असावं असं मला वाटतं. नाकतोड्यांखेरीज सरडे, उंदीर, छोटे चंडोलही त्याला चालतात.

हा पक्षी इथला नाही. भारतात हिवाळ्यात पकडून, पाठीवर छोटा ट्रान्समीटर लावून सोडलेल्या भोवत्यांपैकी काहींचा माग उपग्रहांनी काढला, तेव्हा ते उन्हाळ्यात कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत पोहोचल्याचं दिसलं. सोलापूरपासून उत्तर कझाकस्तान सरळ रेषेत मोजलं तरी साडेतीन हजार किलोमीटरहून जास्तच पडतं. तिथेही झाडं नाहीत, मैलोन्मैल गवत. मादी घरटं झाडावर बांधत नाही, जमिनीवर गवतात किंवा पिकात करते. सप्टेंबरपासून ते दक्षिणेकडे सरकायला लागतात आणि मार्च-एप्रिलला परत जातात. म्हणजे या पक्ष्याचं सगळं आयुष्य गवतातून गवतात जातं. वाटेतलं जंगल, डोंगर, शहर त्याच्या उपयोगाचं नाही.

म्हणूनच आमच्या मातीत या जमिनीला जी नावं पडली आहेत त्यांचं मला वाईट वाटतं. सातबाऱ्यावर हिची नोंद "पोटखराबा" अशी होते, म्हणजे लागवडीला अयोग्य. गावात म्हणतात पडीक. देशाच्या पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे निघतात, त्यांतही असे कितीतरी झुडपी माळ येतात. आणि पडीक म्हटलं की पुढचं ठरलेलं. कुणी नांगरतो, कुणी मुरूम उपसतो, कुणी चांगल्या मनानं झाडं लावतो. झाडं लावण्याला नाही म्हणणारा माणूस वेडा ठरतो, तरी मी म्हणतो. माळावर झाडांची दाटी झाली की खालचं गवत सावलीनं मरतं, शिकारी पक्ष्यांना बसायला उंच जागा होतात आणि जमिनीवर घरटं करणारे पक्षी निघून जातात.

यावर एक प्रश्न नेहमी येतो. इथे पूर्वी जंगलच होतं ना, माणसानं तोडलं म्हणून माळ झाला? आमच्या जिल्ह्यात पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. काळ्या कातळावर वीतभर मुरूम. अशा ठिकाणी गवत आणि विखुरलेली काटेरी झाडं हीच निसर्गाची मूळ घडण असू शकते. याला पुरावा मिळाला तो अनपेक्षित जागेतून, जुन्या मराठीतून. पश्चिम महाराष्ट्राविषयीच्या जुन्या ओव्या, संतचरित्रं, लोककथा वाचून संशोधकांनी त्यांत कोणत्या रानझाडांची नावं येतात ते गोळा केलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांतली बहुतेक झाडं घनदाट जंगलातली नव्हती, माळरानाची होती. निष्कर्ष असा की हे माळ किमान ७५० वर्षं माळच आहेत. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात संत कान्होपात्रेच्या नावाशी जोडलेलं तरटीचं झाड आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ती तरटीही उघड्या काटेरी रानातलीच.

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्या आज्ज्याला इचारलं असतं तरी सांगितलं असतं."

नान्नजचं नाव झालं ते माळढोकामुळे. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हाचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, तालुक्याची ठिकाणंही आली. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आज देशात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे त्याला समोरचं कमी दिसतं. एवढा जड पक्षी उडताना विजेची तार ऐन वेळी दिसून उपयोग नसतो, वळायला वेळ मिळत नाही. मित्रानं लहानपणी माळढोक पाहिला आहे. मी पाहिलेला नाही. त्याबद्दल आम्ही फार बोलत नाही.

आठ-साडेआठला आम्ही एका शेततळ्याजवळ जाऊन बसतो, मोटारसायकल लांब ठेवून, सूर्य पाठीशी घेऊन. इथे पखुर्ड्या पाणी प्यायला येतात. आधी आवाज येतो, मग वाळक्या गवताच्याच रंगाचे दहा-वीस पक्षी वेगानं येऊन काठावर उतरतात, घाईघाईनं पितात आणि मिनिटभरात उठून जातात. दाणे खाणारे पक्षी ते. कोरड्या दाण्यात पाणी नसतं, म्हणून कितीही लांबून तळ्यावर यावंच लागतं. मोठ्यांचं ठीक आहे. उडता न येणाऱ्या पिल्लांना पाणी कोण देणार?

नर देतो, पोटाच्या पिसांतून. पाण्यात उतरून पोट भिजवतो आणि तसाच उडत घरी जातो. पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोचीतून ओढून पाणी पितात. ही गोष्ट पहिल्यांदा १८९६ साली एका इंग्रज पक्षीपालकानं लिहिली तेव्हा बऱ्याच जणांना पटली नव्हती. १९६७ मध्ये संशोधकांनी ती खरी असल्याचं दाखवलं, आणि २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या नामाक्वा पखुर्डीचं पीस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातली युक्ती उलगडली. पोटावरच्या पिसाचे अगदी बारीक तंतू कोरडे असताना स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात. पाणी लागलं की गुंडाळी सुटते, तंतू उभे राहतात आणि त्यांच्या दाट रानात पाणी अडकून बसतं. पिसाच्या कडेचे तंतू आत वळून झाकणासारखे काम करतात. नामाक्वाचा नर अशा रीतीनं २५ मिलिलिटरच्या आसपास पाणी नेऊ शकतो. आपल्या साध्या चमच्यानं पाच चमचे. आमच्याकडची तांबूस पोटाची पखुर्डी वेगळ्या जातीची, पण त्याच कुळातली. नोव्हेंबरात तिच्या विणीचा मुख्य हंगाम नसतो, तरी एखादा नर पाण्यात जरा जास्तच रेंगाळला की आम्ही दोघं एकमेकांचा हात दाबतो.

दुपारी मित्राच्या शेतात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. शाळूची ज्वारी तेव्हा कमरेला लागायच्या बेतात असते, पोटऱ्यात आलेली नसते. कणीस भरायला लागलं की भोरड्यांचे थवे उतरतील आणि मित्राचा पुतण्या माळ्यावर चढून गोफण फिरवील. भोरडीही मध्य आशियातूनच येते. गंमत अशी की चीनच्या शिनजियांग भागात याच पक्ष्यासाठी दगड-विटांचे ढीग मुद्दाम रचून घरट्याची सोय करतात, कारण ती तिकडे पिल्लांना टोळ आणि नाकतोडे भरवते आणि कुरणं वाचवते. हे मी मित्राला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग तिकडं त्यांचं नाकतोडं खाती, अन् हिकडं माझी ज्वारी?" मी म्हटलं, आत्ता कार्तिकात तुझ्या बैलांच्या पायाशी फिरत ती काय टिपतेय ते बघ. पन्नासेक भोरड्या बैलांच्या पुढे-मागे उड्या मारत होत्या आणि चोचींत हिरवे पाय वळवळत होते. हुरड्याच्या वेळी तो गोफण फिरवणारच. त्यानं फिरवू नये असं मी म्हणणार नाही, पीक त्याचं आहे.

खरी ओढ असते ती संध्याकाळची. भोवत्या दिवसभर एकेकटा फिरतो, रात्री मात्र थव्यानं झोपतो आणि तोही जमिनीवर, उंच गवतात. गुजरातेत वेळावदरला अशी रातथाऱ्याची जगातली एक मोठी जागा आहे, तिथे शेकडो भोवत्या एकत्र उतरतात. अशा जागी सकाळी त्यांनी टाकलेल्या गोळ्या सापडतात. न पचलेलं सगळं, नाकतोड्यांचे पाय, उंदराचे केस, पिसं, त्या पक्ष्याच्या पोटात वळून तोंडातून बाहेर येतं. अशा गोळ्या उकलून संशोधक त्याचा आहार ठरवतात. आमचा रातथारा लहान आहे आणि तो नेमका कुठे आहे ते आम्ही कुणाला सांगत नाही. जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला एक कुत्रं, एक बॅटरीचा झोत किंवा फोटोसाठी चार पावलं पुढे आलेला माणूस पुरेसा होतो. एकदा उधळले की अंधारात ते कुठे जाणार?

म्हणून आम्ही दोनशे पावलांवरच्या बांधामागे बसतो. सूर्य बुडायला आला की पहिला येतो, एकदम उतरत नाही. फेरी मारतो, लांब जातो, परत येतो. मग दुसरा. मी पश्चिमेकडचे मोजतो, मित्र पूर्वेकडचे. उतरलेला एखादा पुन्हा उठतो आणि मोजणी चुकते, मग सुरुवातीपासून. गार वारा सुटतो, लांब कुठेतरी मेंढरांच्या घंटा वाजतात, टिटवी ओरडते. राखाडी नर गवतावर उजेडाचा तुकडा असल्यासारखे शेवटपर्यंत दिसत राहतात, तपकिरी माद्या आधी दिसेनाशा होतात.

गेल्या रविवारी माझे नऊ झाले, त्याचे सात. वहीत सोळा लिहून मी टोपण लावलं. मित्रानं माझा हात धरला. पश्चिमेच्या तांबड्या पट्टीवरून आणखी एक येत होता, इतका खालून की त्याची सावली आणि तो वेगळे दिसत नव्हते. त्यानं एकही फेरी मारली नाही. सरळ आला, पंख वर धरले आणि गवतात बसला. मी पुन्हा टोपण काढलं आणि सोळाचे सतरा केले.